झारखंडचा स्थापना दिवस बघायला जाताय? मोरहाबादीपासून सुरुवात करू नका

आधी मी केलेला गाढवपणा सांगते, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. मी मूळची नागपूरची, बदली होऊन रांचीत आले त्याच वर्षीची गोष्ट, १५ नोव्हेंबरची सुट्टी कसली म्हणून विचारलं तर कळलं राज्य स्थापना दिवस. म्हटलं वा, आपल्या १ मे सारखंच की, झेंडा, परेड, भाषण. नवी साडी नेसून गेले मोरहाबादी मैदानावर, रांचीतलं ते सगळ्यात मोठं मैदान, सरकारी सोहळा तिथेच असतो. पास घ्यायचा असतो हे माहीत नव्हतं, गेटही चुकलं, तासभर बॅरिकेडच्या मागे उभी, लाऊडस्पीकरवर कोणीतरी योजनांची नावं वाचतंय, मधेच लांबून नगाड्याचा आवाज, संपलं. घरी येऊन 'हॅपी झारखंड डे' असं स्टेटस टाकलं आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या एक दीदी, मुंडा आदिवासी आहेत, खुंटीकडच्या, चहा घेताना म्हणाल्या, "किसका हैप्पी?" रागाने नाही हं, हसतच. मला उत्तर देता येईना. मग त्यांनीच सांगितलं की तू उलटं केलंस, मोरहाबादी शेवटी असते. आधी बिरसा मुंडांचं जन्मगाव, म्हणजे इंग्रजांविरुद्ध लढलेले मुंडांचे नेते, मग त्यांची समाधी, मग मैदान. त्यानंतर मी दर वर्षी ह्याच क्रमाने जाते आणि पाहुणे आले की त्यांनाही असंच फिरवते, तर तोच क्रम इथे लिहितेय.

आणि एक शब्द आत्ताच शिकून घ्या, दिकू. मुंडा, संथाल लोक बाहेरून आलेल्या माणसाला दिकू म्हणतात, आणि हा शब्द काही कौतुकाचा नाही, सावकार, जमीनदार, ठेकेदार ह्यांच्यासाठी तो वापरात आला. तुम्ही आम्ही तिथे दिकूच. हे मनात ठेवलंत की निम्म्या चुका आपोआप टळतात.

थोडा इतिहास, टाळू नका

सालं पाठ करायची गरज नाही पण गोष्ट माहीत हवी. १५ नोव्हेंबर २००० ला बिहारचा दक्षिणेकडचा भाग म्हणजे छोटानागपूर आणि संथाल परगणा वेगळा काढून झारखंड झालं, देशाचं २८वं राज्य. त्याच महिन्यात १ तारखेला छत्तीसगड, ९ ला उत्तरांचल आणि १५ ला झारखंड, एमपीएससीवाल्यांना हा क्रम झोपेतही येतो. कायदा संसदेत ऑगस्टमध्येच पास झाला होता, दिवस मात्र १५ नोव्हेंबर धरला कारण ती बिरसा मुंडांची जयंती. त्यामुळे ह्या एका तारखेला दोन गोष्टी एकमेकींवर बसल्यात, एक राज्याचा वाढदिवस आणि एक धरती आबांचा, बिरसांना तिथे लोक असंच म्हणतात. सरकारी बॅनरवर दोन्ही असतं. गावात विचाराल तर बहुतेक वेळा दुसरीच गोष्ट आधी सांगतात. आता तर २०२१ पासून हाच दिवस देशभर जनजातीय गौरव दिवस म्हणूनही पाळतात.

हे सगळं जमिनीवरून सुरू झालं. मुंडांमध्ये खूंटकट्टी नावाची पद्धत होती, ज्या कुळाच्या पूर्वजांनी जंगल साफ करून गाव वसवलं त्या कुळाची ती जमीन, एकट्याची नाही, सगळ्यांची मिळून. तिथे मग जमीनदार आले, सावकार आले, इंग्रजांची वसुली आली, वेठबिगारी आली, आणि जमीन हातातून जायला लागली. म्हणून बंडं झाली, एक नाही, रांगच आहे. तिलका मांझींना १७८५ मध्ये भागलपूरला फाशी दिलं. १८३१-३२ मध्ये कोल आदिवासींचा विद्रोह. ३० जून १८५५ ला भोगनाडीहमधून सिदो आणि कान्हू ह्या भावांनी संथाल हूल, म्हणजे बंड, पुकारला, १८५७ च्या दोन वर्षं आधी, आणि आपल्या शाळेत तो एका ओळीत उरकला होता, निदान माझ्या तरी.

मग बिरसा. १८७५ चा जन्म, उलिहातू गाव. गुरुवारी म्हणजे बृहस्पतिवारी जन्मला म्हणून बिरसा असं नावाचं कारण सांगतात. मी एकदा उगाच कॅलेंडर काढून बघितलं तर १५ नोव्हेंबर १८७५ ला सोमवार येतो, पण असो, आपल्या आजीच्या जन्मतारखेचा तरी कुठे पत्ता असतो, आणि हा शहाणपणा उलिहातूत जाऊन दाखवू नका. १८९९ च्या शेवटी उलगुलान सुरू झालं, म्हणजे मोठी उलथापालथ. ९ जानेवारी १९०० ला डोंबारीच्या डोंगराळ भागात जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, त्यात बायका पोरंही गेली. फेब्रुवारीत बिरसा पकडले गेले आणि ९ जून १९०० ला रांचीच्या जेलमध्ये वारले. पंचविशीही पूर्ण झाली नव्हती. सरकारने कारण कॉलरा सांगितलं, ते खरं मानायला आजही बरेच लोक तयार नाहीत. पण आठ वर्षांनी, १९०८ मध्ये, छोटानागपूर टेनन्सी ॲक्ट आला, आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला सहजासहजी घेता येऊ नये म्हणून. तिथे त्याला सगळे नुसतं सीएनटी म्हणतात, रिक्षावाल्यापासून प्रोफेसरपर्यंत, हा शब्द कानावर पडला की लक्ष द्या, तिथलं बरंचसं राजकारण ह्या तीन अक्षरांभोवती फिरतं.

वेगळ्या राज्याची मागणी पुढे नेली ती जयपाल सिंग मुंडांनी. हा माणूस मला भयंकर आवडतो. ऑक्सफर्डला शिकलेला, इंग्रजांची आयसीएसची नोकरी सोडलेला, १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताच्या हॉकी टीमचा कॅप्टन, भारताचं हॉकीतलं पहिलं सुवर्ण तेच. त्यांनी आदिवासी महासभेचं नेतृत्व केलं, पुढे संविधान सभेत आदिवासींची बाजू मांडली, आणि त्यांच्या झारखंड पार्टीने १९५२ च्या पहिल्याच निवडणुकीत बिहार विधानसभेत तीसहून जास्त जागा घेतल्या. तरी राज्य पुनर्रचना आयोगाने मागणी मान्य केली नाही, १९६३ मध्ये पार्टी काँग्रेसमध्ये विलीन झाली आणि मागणी थंडावली.

मधली एक तारीख फार कमी लोकांना माहीत असते, १ जानेवारी १९४८. खरसावां संस्थान ओडिशात विलीन करायला आदिवासींचा विरोध होता, बाजाराच्या दिवशी हजारो लोक जमले आणि पोलिसांनी गोळ्या चालवल्या. स्वातंत्र्य मिळून साडेचार महिने झाले होते. म्हणून त्या भागात नव्या वर्षाचा पहिला दिवस श्रद्धांजलीचा असतो. आपल्याकडे १ मे ला आधी हुतात्मा चौकात फुलं वाहतात ना, तसंच समजा. मराठी माणसाला हे वेगळं समजवावं लागू नये, आपलंही राज्य काही कोणी ताटात वाढून दिलं नव्हतं.

१९७० नंतर परत पेट घेतला. शिबू सोरेन, विनोद बिहारी महतो, ए. के. रॉय ह्यांनी झारखंड मुक्ती मोर्चा उभा केला. शिबू सोरेन लहान असताना त्यांच्या वडिलांचा सावकारांनी खून करवला होता. पुढे त्यांनी धानकटनी आंदोलन केलं, म्हणजे सावकाराने बळकावलेल्या शेतात घुसून उभं धान कापून न्यायचं, बायका विळे घेऊन कापायला आणि पुरुष धनुष्यबाण घेऊन बांधावर पहाऱ्याला. नोव्हेंबरात तिथे जाल तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूला धानाची कापणीच चालू असते, मला दर वेळी ते आठवतं. लोक त्यांना दिशोम गुरु म्हणजे देशाचे गुरू म्हणायचे, ऑगस्ट २०२५ मध्ये ते गेले. १९९५ मध्ये आधी एक स्वायत्त परिषद दिली गेली आणि पाच वर्षांनी राज्य. पहिले मुख्यमंत्री बाबूलाल मरांडी.

मूळ मागणी मात्र बिहार, बंगाल, ओडिशा आणि मध्य प्रदेश अशा चार राज्यांतल्या जिल्ह्यांची होती, मिळाला फक्त बिहारचा तुकडा. आणि २०११ च्या जनगणनेत राज्यातले आदिवासी साधारण २६ टक्के, म्हणजे चारातला एक. त्यामुळे ह्या दिवशी नाचणाऱ्या माणसाच्या मनात थोडी खंत असली तर नवल वाटून घेऊ नका, विचारलंत तर सांगतील, नाही विचारलंत तरी नगाडा वाजेल.

१४ तारीख, उलिहातू

उलिहातूला १५ ला जाऊ नका. त्या दिवशी तिथे राज्यपाल, मुख्यमंत्री येतात, २०२२ मध्ये राष्ट्रपती आल्या होत्या आणि २०२३ मध्ये पंतप्रधान, त्यामुळे रस्ते अडवलेले, हेलिपॅड, पोलीस, तुम्हाला गाव दिसणारच नाही, फक्त गाड्यांचे ताफे दिसतील. १४ ला जा. रांचीहून खुंटी आणि तिथून अडकीच्या बाजूला, एकूण साधारण ६५ किलोमीटर. खुंटीपर्यंत बस भरपूर, पुढे मात्र वेळेचा भरवसा नाही, म्हणून रांचीतूनच गाडी करा आणि ड्रायव्हरला आधीच सांगा की घाई नाही, कारण त्या दिवसांत लोक डांबरी रस्त्यावर धान वाळत घालतात आणि ते चाकाखाली घेऊन पुढे गेलात तर पहिलीच ओळख वाईट. स्वेटर घ्या. रांचीचं पठार साधारण ६५० मीटर उंचीवर आहे, नोव्हेंबरात सकाळी चांगलंच गार असतं, नागपूरच्या थंडीची सवय असूनही मी पहिल्यांदा कुडकुडले.

जन्मस्थानी स्मारक आहे, बिरसा ओडा म्हणतात, ओडा म्हणजे घर. बघायला पाच मिनिटं पुरतात. त्या पाच मिनिटांसाठी नाही जायचं. थांबायचं. कोणी म्हातारं माणूस उन्हात बसलेलं असेल तर हात जोडून जोहार म्हणायचं आणि गप्प बसायचं, बोलायचं असेल तर ते बोलतील. जोहार म्हणजे नमस्कार, भेटतानाही तोच आणि निघतानाही तोच, आणि नमस्कारापेक्षा ह्याने दारं लवकर उघडतात असा माझा अनुभव आहे. बायकांना दीदी, पुरुषांना दादा. फोटो मागाहून, विचारून, आणि घरात डोकावून तर नाहीच. बिरसांचे वंशज तिथेच राहतात आणि दर नोव्हेंबरात अख्खा देश येऊन त्यांच्या अंगणाचे फोटो काढून जातो, जरा विचार करा आपल्या अंगणात असं झालं तर.

आता माझी दुसरी चूक. उलिहातूहून परत येताना एका गावाच्या कडेला चिंचेखाली मोठमोठ्या सपाट शिळा दिसल्या, छोट्या दगडांवर टेकवलेल्या, अगदी बाकडं केल्यासारख्या. दुपारची वेळ, मला वाटलं काय सोय केलीय, डबा काढला आणि बसणार एवढ्यात दीदींनी कोपर धरलं. "ये बैठने का पत्थर नहीं है, हमारे लोग सोए हैं।" त्याला ससनदिरी म्हणतात, एकेका कुळाची शिळा, खाली पूर्वजांच्या अस्थी. आणि नुसतं स्मशान नाही ते, ह्या गावात आमचं कूळ किती पिढ्यांचं आहे त्याचा पुरावाच तो, सातबाऱ्याच्या आधीचा सातबारा म्हणा हवं तर. मी डबा परत पिशवीत टाकला, गाडीत बसून खाल्ला. म्हणून सांगते, चिंचेखाली शिळा दिसल्या तर लांबून बघा. तसंच सालाच्या झाडांची छोटी राई दिसली तर ती बहुधा सरना, म्हणजे पूजेची जागा, विचारल्याशिवाय शिरायचं नाही, फांदी तोडायची नाही. तांबडा पांढरा झेंडा दिसला की समजा.

वेळ असेल तर डोंबारी बुरूला चढा. बुरू म्हणजेच डोंगर, त्यामुळे डोंबारी बुरू डोंगर म्हणू नका, कोणीतरी नक्की हसेल. वर उंच स्तंभ आहे आणि चहूबाजूला सालाचं जंगल. खरी जत्रा तिथे ९ जानेवारीला भरते, नोव्हेंबरात बहुतेक वेळा तुम्ही आणि वारा. मला तेच बरं वाटतं. अंधार पडायच्या आत मात्र रांचीच्या रस्त्याला लागा.

१५ ची सकाळ

लवकर उठा, खरंच लवकर. कोकरला डिस्टिलरी पुलाजवळ बिरसांची समाधी आहे, शहराच्या मधोमध, बाजूने ट्रॅफिक वाहतंय अशी. मोठे लोक हार घालायला आले की सामान्यांना थांबवतात, म्हणून उजाडता उजाडता जायचं. त्या वेळी तिथे शाळेची पोरं येतात, लाल काठाच्या पांढऱ्या साड्यांतल्या बायका येतात, कोणी मोठ्याने काही बोलत नाही. फुलं तिथेच मिळतात पण भडक प्लास्टिकचे हार घेऊ नका, साधी झेंडूची फुलं पुरे.

तिथून जुनं जेल. जिथे बिरसा वारले त्या जेलचं आता स्मृती उद्यान आणि संग्रहालय केलंय, २०२१ मध्ये ह्याच तारखेला उघडलं. आत बिरसांचा भव्य पुतळा आहे, झारखंडच्या बाकीच्या लढवय्यांची माहिती आहे, पण तुम्ही आधी ती कोठडी बघा. मुलं बरोबर असतील तर पुतळ्यापाशी सेल्फी काढून पळतील, त्यांना आधी कोठडीत न्या आणि मग मोकळं सोडा. काल ज्या मोकळ्या डोंगरात फिरलो तिथल्या माणसाला इथे ठेवलं होतं एवढं पोराला कळलं तरी खूप झालं, लेक्चर देऊ नका.

आता मोरहाबादी

दुपारनंतर मैदान. कार्यक्रम दर वर्षी थोडा बदलतो, म्हणून १४ चा प्रभात खबर किंवा रांचीचा कुठलाही पेपर घ्या, त्यात वेळ, बंद रस्ते, पार्किंग सगळं छापलेलं असतं. मुख्य मंडपात पासवाले पुढे, बाकीचे मागे, आणि मागे राहणंच चांगलं कारण भाषणं तिकडे आणि नाचणारे कलाकार आपली पाळी येईपर्यंत इकडे. तिथेच सगळी मजा. कोणी मांदर म्हणजे ढोल गळ्यात अडकवून वादी ताणतंय, कोणी नगाडा आगीजवळ शेकतंय, चामडं तापलं की आवाज चढतो, पोरी एकमेकींच्या अंबाड्यात फुलं आणि बगळ्याची पिसं खोचतायत. सरायकेल्याचे छऊवाले, म्हणजे मुखवटे घालून नाचणारे, आपले मुखवटे मांडीवर घेऊन चहा पितायत, तो सीन मी आयुष्यभर विसरणार नाही, एका मांडीवर देवाचा चेहरा आणि हातात कागदी कप.

छऊ, पाइका हे बघायचे नाच. त्यात आपण शिरायचं नाही, पाइका म्हणजे ढाल तलवारीचा आहे, शिरलात तर तुमचंच नुकसान. पण ओळीचे नाच असतात, हातात हात गुंफून, त्यात कोणी ओढलं तर नाही म्हणू नका. नाचायला बोलवणं म्हणजे आपलं म्हणणं. मात्र मधे घुसायचं नाही, रांगेच्या शेपटाला लागायचं. रांग घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरते, बहुतेक नवखे इथेच आपटतात. पाय बघू नका, शेजारणीचा खांदा बघा, तो खाली गेला की तुम्ही खाली. पहिली दहा मिनिटं तुमचं चुकणार, मग अचानक जमतं आणि मग थांबवत नाही. रामदयाल मुंडा, रांची विद्यापीठात आदिवासी भाषांचा विभाग उभा करणारे, स्वतः उत्तम बासरी आणि नगाडा वाजवणारे, ते म्हणायचे, जे नाची से बाची, जो नाचेल तो वाचेल. मैदानात ते वाक्य कुठे ना कुठे लिहिलेलं दिसतंच.

गाण्याची फर्माईश करायची असेल तर एक काळजी. तिथली गाणी ऋतूंना बांधलेली असतात, सरहुल ह्या वसंतातल्या सणाची वेगळी, करम ह्या पावसाळ्यातल्या सणाची वेगळी. नोव्हेंबरात सरहुलचं गाणं मागणं म्हणजे दिवाळीत होळीची बोंब मारायला सांगणं. कोणी नाही म्हणणार नाही पण एकमेकांकडे बघतील. आणि सगळ्यांना मुंडा समजू नका, राज्यात तीसहून जास्त जमाती आहेत, संथाल, उरांव, मुंडा आणि हो ह्या मोठ्या, भाषाही अगदी वेगवेगळ्या कुळातल्या, मुंडारी आणि संथाली एका घरच्या तर उरांवांची कुडुख ही आपल्या कन्नड तेलुगूच्या नात्यातली, द्रविड. हे मला चार वर्षांनी कळलं, तोवर मी सगळ्यांना 'तुमची भाषा' म्हणत होते.

खायचं काय तर धुस्का, तांदूळ आणि हरभरा डाळ भिजवून वाटून तळलेला, घुगनी म्हणजे चण्याच्या उसळीबरोबर. वड्याचा चुलतभाऊ पण चव वेगळी. मडुआची रोटी म्हणजे आपली नाचणीची भाकरी, पिठा आहे, अरसा आहे जो बघून प्रत्येक मराठी माणूस अनारसा म्हणून ओरडतो. रुगडा मागू नका, सालाच्या जंगलातली ती मातीखालची अळिंबं पावसाळ्यातच मिळतात, नोव्हेंबरात मागितलीत की दुकानदार तुम्हाला लगेच ओळखतो. आणि हडिया. भात आंबवून रानू नावाच्या गोळीने केलेली, पानाच्या द्रोणात देतात. ती दारू म्हणून नाक मुरडू नका आणि फुकट मिळतेय म्हणून चढवूही नका, घरी दिली तर आधी चार थेंब जमिनीवर पूर्वजांना पडतात मग माणसं पितात. नको असेल तर हात जोडून जोहार म्हणा, कोणी आग्रह करत नाही.

जाण्यायेण्याचं पटकन सांगते. मुंबईच्या एलटीटीहून आणि पुण्याहून हटिया, रांचीला थेट गाड्या आहेत, पण रोज नाहीत. नाहीतर हावडा लाइनने टाटानगरला उतरा आणि पुढे बस. विमानतळाचं नाव बिरसा मुंडाच. काही वर्षी छठ ह्याच दिवसांत येते, तेव्हा तिकिटं बुकिंग उघडल्या दिवशी संपतात, आधी पंचांग बघा मग सुट्टी टाका.

जायला जमत नसेल तर

शाळेत, सोसायटीत करायचं असेल तर कृपा करून पोरांना पिसं लावून पानांचे घागरे घालू नका. दर वर्षी असे फोटो येतात आणि दर वर्षी दीदी ते न बोलता पुढे सरकवतात. आदिवासी म्हणजे झिंगालाला हे डोक्यातून काढा. लाल काठाची पांढरी साडी, पोरांना धोतर आणि गमछा, झालं. त्यापेक्षा खोवर चित्र करून बघा, हजारीबागची भिंतीवरची चित्रं, सोहराई आणि खोवर दोन्हींना २०२० मध्ये जीआय मिळालाय. सोहराई दिवाळीच्या सुमाराची, गुराढोरांच्या सणाची, त्यात रंगीत माती दातणाच्या चावलेल्या काडीने भरतात. खोवर लग्नाच्या खोलीचं, आणि ते करायला मुलांना जास्त मजा येते कारण त्यात रंगवायचं नसतं, खरवडायचं असतं.

जाड पुठ्ठा घ्या. काळी माती चाळून, थोडा डिंक घालून पातळ करून पूर्ण पुठ्ठ्यावर लेप द्या आणि खडखडीत वाळू द्या, रात्रभर. सकाळी त्यावर पांढऱ्या मातीचा लेप, खडूची पूड चालते, दह्याएवढी दाट. आणि हा लेप ओला असतानाच, जुन्या कंगव्याचे चार दात मोडून घेतलेले, त्याने खरवडत चित्र काढायचं, खालचा काळा रंग रेघांतून वर येतो. हत्ती, मोर, पळसाची फुलं काहीही. वाळलं की संपलं, परत ओलं करून होत नाही, म्हणून आधी मनात ठरवा मग कंगवा टेकवा. माझा पहिला हत्ती दीदींना दाखवला तर त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, भैंस अच्छी बनी है.